भोगीच्या रात्री दहा जणांचं जेवण

मित्रमंडळींना सणाचं जेवायला बोलवायचं म्हटलं की बहुतेकांना दिवाळी आठवते. मी भोगीला बोलावते. दिवाळीत निम्मे लोक गावी गेलेले असतात, उरलेल्यांच्या घरी फराळाचे डबे भरलेले असतात आणि गोड खाऊन सगळे कंटाळलेले असतात. भोगीला थंडी असते, मंडईत वर्षातल्या सगळ्यात चांगल्या शेंगा आलेल्या असतात, बाजरी नवी असते. आणि पुण्यात नोकरीसाठी खोली घेऊन राहणाऱ्या कितीतरी मुलामुलींना त्या दिवशी घरचं ताट मिळायची शक्यता नसते. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ असं आमच्या बार्शीकडे म्हणतात, म्हणून त्या दिवशी माझ्या ओळखीचं कुणी उपाहारगृहात जेवलेलं मला चालत नाही.

ताटात एवढंच असतं: भोगीची लेकुरवाळी भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, शेंगाचटणी, मुगाच्या डाळीची खिचडी आणि वर तूप. शाकाहारी जेवण कमी पडेल या धास्तीने पनीरची भाजी, पुलाव, जिलबी असं वाढवत जाऊ नका. या सगळ्या जेवणाची चव गरम भाकरीवर उभी आहे. आणखी तीन पदार्थ सांभाळणाऱ्या माणसाला तव्याशी उभं राहता येत नाही, आणि गार बाजरीच्या भाकरीबरोबर कितीही चांगली भाजी दिली तरी ताट फसतं. म्हणून बाकीचं सगळं आधी उरकायचं आणि लोक आले की फक्त भाकरी करायची, हे धरून मी पुढचं सगळं सांगते आहे.

दिवस, वेळ आणि आमंत्रण

भोगी संक्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे बहुतेक वर्षी १३ जानेवारीला येते. २०२४ मध्ये संक्रांत १५ तारखेला होती, तेव्हा भोगी १४ ला आली. म्हणून कॅलेंडर बघूनच तारीख कळवा. गावाकडे हे जेवण दुपारचं असतं. शहरात तो बहुधा कामाचा दिवस असतो, म्हणून मी सकाळी देवापुरती वाटीभर भाजी आणि एक भाकरी करते आणि लोकांना रात्री आठला बोलावते.

दहाच्या वर माणसं बोलावू नका. भाजी वीस जणांचीही एका पातेल्यात होते, भाकरी होत नाही.

आमंत्रण देतानाच दोन गोष्टी विचारा. पहिली, तीळ किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का. या जेवणात हे दोन्ही जवळजवळ प्रत्येक पदार्थात असतात आणि नुसते वरून काढून टाकता येत नाहीत. अशा माणसासाठी भाजी, भाकरी सगळंच वेगळं, वेगळ्या भांड्यात करावं लागतं, चमचासुद्धा वेगळा. ते नीट जमणार नसेल तर त्यांना दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जेवणाला बोलवा. दुसरी गोष्ट, कुणी जैन आहे का. गाजर चालत नाही, बरेच जण वांगंही खात नाहीत, आणि सूर्यास्तानंतर न जेवणारेही असतात. जानेवारीच्या मध्यात पुण्यात सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. माझी एक जैन मैत्रीण साडेपाचलाच येते. तिच्यापुरती मटार, तुरीचे दाणे आणि घेवड्याची भाजी मी आधी बाजूला शिजवते, तिला दोन भाकऱ्या करून वाढते, आणि मग ती बाकीच्यांसाठी आमच्याबरोबर ओट्याशी उभी राहते. काय चालतं नि काय नाही हे मात्र त्या त्या माणसालाच विचारा, घरोघरी नियम वेगळे असतात.

बाजार

आदल्या दिवशी सकाळी लवकर मंडईत जा. भोगीच्या दिवशी भाव चढलेले असतात आणि चांगल्या शेंगा नऊलाच संपतात. या दोन दिवसांत ‘भोगीची भाजी’ म्हणून सगळं मिसळलेले वाटे विकायला ठेवतात. दोघातिघांच्या घराला ते सोयीचे आहेत. दहा जणांसाठी घेऊ नका, कारण त्यात गाजर-वांग्याचे तुकडेच जास्त आणि दाणे थोडे असतात, आणि ही भाजी दाण्यांची आहे.

दहा जणांना मी हे घेते. हरभऱ्याच्या डहाळ्यांच्या दोन मोठ्या जुड्या, म्हणजे सोलून दीड वाटी सोलाणे मिळतात. मटार, पावटा आणि तुरीच्या ओल्या शेंगा प्रत्येकी अर्धा किलो. सोलल्यावर वजन निम्मं किंवा त्याहून थोडं कमीच भरतं, ते धरूनच हे प्रमाण आहे. कोवळा घेवडा पाव किलो, लाल गाजरं अर्धा किलो, छोटी काटेरी वांगी अर्धा किलो, शेवग्याच्या दोन शेंगा. घरातले वाटीभर शेंगदाणे रात्री भिजत घालायचे. आणि पंधरा-वीस बोरं. बोरं गावठी, लहान, आंबटगोड हवीत. सफरचंदासारखी दिसणारी मोठी हिरवी बोरं भाजीत पाणचट लागतात. ऊस काही घरांत भाजीत घालतात, आमच्याकडे तो सुगडात जातो.

बटाटा घालू नका. तो रस्सा पिऊन टाकतो आणि दाण्यांची चव मारतो.

पीठ. बाजरीत तेलाचा अंश बराच असतो, त्यामुळे दळल्यावर पीठ लवकर खवट आणि कडवट होतं. दुकानातलं महिना-दोन महिन्यांपूर्वी भरलेलं पाकीट घेतलंत तर भाकरी कडू लागणार, आणि पाहुणे मनात म्हणणार की बाजरीच कडू असते. बाजरी आणून गिरणीतून दळून घ्या, जास्तीत जास्त दोन दिवस आधी, आणि डबा फ्रीजमध्ये ठेवा. किलोभर पिठाच्या मध्यम आकाराच्या बारा-तेरा भाकऱ्या होतात. दहा जणांना दीड किलो दळा. पुरुषमाणसं जास्त खातात असा हिशोब करू नका. माझ्याकडे तीन भाकऱ्या खाणारी एक बारीकशी मुलगी येते.

लंडनजवळ राहणारी माझी मावसबहीणही भोगी करते. तिकडे ओले सोलाणे क्वचित दिसतात, पण गुजराती दुकानांत फ्रीझरमध्ये तुरीचे आणि पापडीचे लीलवे मिळतात, ते इथल्या ओल्या दाण्यांची जागा उत्तम घेतात. बोरांऐवजी ती काही घालत नाही, चिंच थोडी वाढवते.

आदल्या रात्री

शेंगा सोलणं हे या जेवणातलं सगळ्यात मोठं काम. ते एकट्याने करू नका. दोन-तीन जणांना आदल्या रात्रीच बोलवा आणि वर्तमानपत्र पसरून मध्ये सगळा ढीग ओता. तास-दीड तास लागतो. हरभऱ्याच्या डहाळ्यांवर आंब असते, तिने बोटं चुरचुरतात, नखाजवळ कापलेलं असेल तर चांगलीच झोंबतात. जुड्या आधी पाण्यात बुडवून खळखळून धुवा आणि निथळू द्या, मग सोला. दाण्यात अळी असते, म्हणून तुरीची आणि पावट्याची प्रत्येक शेंग उघडून बघायची. दाणे वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, एकत्र करू नका, कारण ते भाजीत वेगवेगळ्या वेळी पडणार आहेत.

त्याच रात्री वाटण करून ठेवा. एक वाटी बिनपॉलिशचे तीळ मंद आचेवर भाजा. तडतडायला लागले आणि रंग किंचित बदलला की लगेच ताटात काढा. कढईत राहिले तर तिच्या उष्णतेनेच जळतात, आणि जळक्या तिळाचा कडवटपणा कशानेही जात नाही. अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं खमंग भाजा. दोन्ही पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. गरम असताना फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. त्यात अर्धी वाटी शेंगदाण्याचं कूट मिसळलं की वाटण तयार. भाकरीसाठी अर्धी वाटी तीळ कच्चेच बाजूला ठेवा.

शेंगाचटणी सोलापूरकडची हवी: भाजलेले दाणे, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटलेलं. मिक्सरमध्ये ती भुकटी होते. वेळ नसेल तर सोलापूरची तयार आणा, त्यात काही कमीपणा नाही. लोणी घरचं नसलं तर डेअरीतून पांढरं लोणी पाव किलो सांगून ठेवा. पिवळं खारट बटर इथे लावू नका.

भाजी

साडेसहाला पातेलं चढवा. जाड बुडाचं, मोठं. या भाजीत चिंच आहे, म्हणून लोखंडी कढई नको, भाजी काळपट होते. शेजारच्या शेगडीवर पाणी उकळत ठेवा. या भाजीत गार पाणी एकदाही घालायचं नाही.

सहा-सात मोठे चमचे तेल, मोहरी, जिरं, भरपूर हिंग, कढीपत्ता. आमच्याकडे नैवेद्याच्या भाजीत कांदा-लसूण नसतो, आणि रात्रीच्या भाजीतही मी घालत नाही. सोलाण्यांना आणि पावट्याला स्वतःचा जो वास आहे तो लसणापुढे टिकत नाही. फोडणीत हळद, भिजवलेले शेंगदाणे, पावटा, सोलाणे आणि तुरीचे दाणे टाकून पाच मिनिटं परता. मग दाणे बुडतील इतकं उकळतं पाणी, झाकण, आणि दहा ते बारा मिनिटं. पावट्याचा दाणा बोटात दाबला की सहज फुटला पाहिजे. तो कच्चा राहिला तर पुढे आंबट घातल्यावर शिजतच नाही, म्हणून इथे घाई करू नका.

आता गाजराचे पेरभर तुकडे, शेवगा, घेवडा, मटार आणि मीठ. सात-आठ मिनिटांनी वांगी. देठ ठेवून चार फोडी करायच्या आणि तोपर्यंत मिठाच्या पाण्यात ठेवायच्या, नाहीतर काळ्या पडतात. वांग्याबरोबरच तीन चमचे काळा मसाला आणि अंदाजाने तिखट. काळा मसाला नसेल तर गोडा मसाला आणि थोडं जास्त तिखट, चव वेगळी येते पण चांगली येते.

वांगं मऊ झालं की लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, तेवढाच गूळ आणि बोरं. तीळ-खोबऱ्याचं वाटण सगळ्यात शेवटी. ते पडलं की रस्सा झपाट्याने दाट होतो आणि तळाशी धरतो, म्हणून त्या आधी वाटीभर उकळतं पाणी वाढवा, वाटण घालून तळापासून ढवळा, पाच मिनिटं बारीक आचेवर ठेवा आणि बंद करा. रस्सा भाकरी कुस्करता येईल इतका सैल हवा. आठपर्यंत तो आणखी आळतो, तेव्हा वाढताना पुन्हा थोडं गरम पाणी घालून सारखा करा.

बोरांमध्ये बिया असतात हे वाढताना प्रत्येकाला सांगा, विशेषतः पहिल्यांदा खाणाऱ्याला आणि लहान मुलांना. बियांसाठी दोन वाट्या मध्ये ठेवा.

खिचडी

खिचडी साधीच ठेवा. तीन वाट्या आंबेमोहोर किंवा इंद्रायणी, दीड वाटी सालाची मुगाची डाळ, धुऊन अर्धा तास निथळत ठेवलेलं. फोडणीत जिरं, हिंग, हळद, चार मिऱ्या. नवा तांदूळ असेल तर पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी घाला, नाहीतर गिचका होतो. सव्वासातला कुकर लावा आणि झाकण उघडू नका. भाकऱ्या होईपर्यंत ती गरम राहते.

भाकरी

आठ वाजता लोक बसले की मगच पहिली भाकरी. आधी करून फडक्यात गुंडाळून ठेवलेली बाजरीची भाकरी अर्ध्या तासात चिवट होते.

बाजरीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे ते बांधलं जातं ते गरम पाण्याने आणि हाताच्या जोराने. परातीत एका भाकरीपुरतं पीठ घ्या, भरलेली मूठ दोनदा. चिमूटभर मीठ, आणि हाताला सोसेल इतकं कडक पाणी थोडं थोडं. मग तळहाताच्या टाचेने पीठ पुढे रगडत न्यायचं आणि परत गोळा करायचं. दोन मिनिटं तरी मळा. मळणं कमी झालं की थापताना कडा फाटतात. सगळ्या भाकऱ्यांचं पीठ एकदम मळून ठेवू नका, दहा मिनिटांत ते सैल पडतं आणि भाकरी उचलताना तुटते.

गोळा गुळगुळीत करून परातीत पीठ भुरभुरवा, गोळा ठेवा, वर तीळ टाका आणि एका हाताने थापत, गोल फिरवत वाढवा. तीळ थापतानाच आत बसतात. नंतर वरून लावले तर तव्यावर गळून जळतात. भाकरी दोन्ही हातांवर घेऊन पिठाची बाजू वर येईल अशी तापलेल्या तव्यावर टाका. वर लगेच पाण्याचा हात फिरवा, कडेपर्यंत, म्हणजे सुकं पीठ राहणार नाही. ते पाणी सुकायला आलं, पण पुरतं सुकलं नाही, तेवढ्यात उलटा. फार सुकू दिलं तर वर भेगा पडतात. दुसरी बाजू नीट भाजू द्या, मग तवा बाजूला करून पहिली बाजू थेट जाळावर धरा. भाकरी टम्म फुगते. फुगलेली भाकरी लगेच ताटात, वर लोण्याचा गोळा.

एका तव्यावर एका भाकरीला चार मिनिटं धरा. दोन तवे आणि थापणारे दोघे असतील तर अठरा भाकऱ्या पाऊण तासात होतात. म्हणून मी दहा जणांच्या दोन पंगती करते. पहिले पाच जण बसतात, मी थापते आणि नवरा तव्यावर असतो. ते खिचडीपर्यंत आले की त्यातले दोघेतिघे हात धुऊन ओट्याशी येतात आणि आम्ही दुसऱ्या पंगतीत बसतो. घरातली बाई सगळ्यांच्या मागून एकटी, गार झालेलं जेवते, हे माझ्या घरात सणाच्या दिवशी तर मुळीच होऊ देत नाही. नवशिक्यांच्या भाकऱ्या वाकड्या येतात, कडा फाटतात, चव तीच असते. मागच्या काही वर्षांत माझ्या ओट्यावर भाकरी शिकलेले मुलगे आता आपापल्या घरी करतात, याचा मला फार आनंद आहे.

थापणारं कुणीच नसेल तर पोळी-भाकरी केंद्रातून आणलेल्या मऊ भाकऱ्यांपेक्षा सोलापूरकडच्या कडक भाकऱ्या मागवा. पातळ, पापडासारख्या वाळवलेल्या असतात, बाजरीच्याही मिळतात आणि कितीतरी दिवस टिकतात. खोलगट ताटलीत चुरायच्या, वर भाजीचा गरम रस्सा, वर लोणी. मऊ भाकरीची ही नक्कल नाही, तो स्वतंत्र आणि उत्तम प्रकार आहे.

गोड, आणि पाहुणे काय आणतात

गुळपोळी दुसऱ्या दिवसाची, संक्रांतीची. भोगीच्या रात्री मी मलिदा करते. शेवटच्या तीन-चार भाकऱ्या गरम असतानाच कुस्करायच्या, त्यात किसलेला मऊ गूळ आणि सढळ हाताने तूप, वाटलं तर वेलची. गार भाकरीत गूळ विरघळत नाही, तेव्हा हे काम तव्याजवळच होतं. ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांच्यासाठी गूळ घालण्याआधी भाकरी-तूप बाजूला काढा.

‘काय आणू?’ असं विचारणाऱ्यांना ‘काही नको’ म्हणू नका. याच दिवसांत बाकीच्यांकडेही सण असतो. आंध्रकडच्या मैत्रिणीकडे भोगीलाच पहाटे होळीसारखी आग पेटवतात आणि संध्याकाळी लहान मुलांच्या डोक्यावर बोरं ओततात, अगदी आपल्या बोरनहाणासारखी. पंजाबी मित्राची लोहडी १३ तारखेलाच असते, तो रेवड्या, गजक आणि भाजलेल्या शेंगा आणतो. तमिळ शेजारीण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या पोंगलच्या तयारीत असते, ती येताना घरचं तूप आणते आणि ते खिचडीवर जातं. हे सगळं जेवणानंतर मध्ये ठेवा, म्हणजे ताटातली चव बिघडत नाही.

उरलेली भाजी रात्रीच पसरट भांड्यात गार करून फ्रीजमध्ये टाका. शेंगदाणा-तिळाचा रस्सा बाहेर राहिला तर सकाळपर्यंत आंबूस होऊ शकतो. दुसऱ्या दिवशी ती रात्रीपेक्षा चांगली लागते, म्हणून मी दोन वाट्या भाजी जास्तच धरते आणि खोलीवर राहणाऱ्यांना डब्यात भरून देते. डबा देताना वरून थोडं गरम पाणी घालून मंद आचेवर गरम करायला सांगते, आणि बोरांच्या बियांची पुन्हा एकदा आठवण करते.